अर्सेसिओ मिस्त्रीचं चुकलेलं निदान

सान फेर्मिनच्या चौकात अर्सेसिओ बेदोयाचं गॅरेज आणि माझं स्पेअर पार्टचं दुकान समोरासमोर आहे. मधला रस्ता इतका अरुंद, की एक जीप उभी राहिली तर दुसरीला मागेच थांबावं लागतं. बत्तीस वर्षं मी या माणसाची पाठ बघत आले, कारण तोंड कायम कुठल्या ना कुठल्या बोनेटखाली. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही. त्यात माझाही हात आहे, तेही सांगणार आहे.

अर्सेसिओचा कान सगळ्या खोऱ्यात प्रसिद्ध होता. कुणी बंद पडलेली गाडी ढकलत आणली की तो हातातला कॉफीचा कप खाली न ठेवताच म्हणायचा, "मार सेल्फ." ड्रायव्हर चावी फिरवायचा. सेल्फ फिरायचा, इंजिन कुंई कुंई करत घुमायचं, पण पकडायचं नाही. अर्सेसिओ मान तिरकी करून ऐकायचा आणि निकाल देऊन मोकळा व्हायचा. "पेट्रोल चढत नाहीये." किंवा, "प्लगला करंट नाही." किंवा नुसत्या वासावरून, "पेट्रोल ओव्हर झालंय. चोक आत ढकल आणि दहा मिनिटं गप्प बसव, इंजिनाला पण आणि तोंडाला पण."

ड्रायव्हर हसायचे. दहातल्या नऊ वेळा तो बरोबर असायचा. दहाव्या वेळीही गाडी शेवटी सुरू व्हायचीच, म्हणून दहावी वेळ कुणाच्या लक्षात राहायची नाही. त्याच्याही नाही.

लिबार्दो ओस्पिना हा ला पालोमा वाडीचा. वाडी डोंगरावर, आमच्यापासून दीड तास चढ. तिथे एकच जीप होती, लिबार्दोच्या वडिलांनी घेतलेली, निळी, दारांना लाल पट्टा. कॉफीची पोती, केळीचे घड, डुकरं, शाळेच्या बाई, एकदा तर नवरी तिच्या पांढऱ्या झग्यासकट, सगळं त्याच जीपमधून उतरायचं आणि चढायचं. वडील गेल्यावर लिबार्दो ती चालवायला लागला. माणूस हळू बोलणारा. एक वाक्य बोलून झालं की ते बरोबर पडलं का, हे बघत असल्यासारखा थांबायचा. त्याची मुलगी यूरानी हिच्या बाप्तिस्म्याला अर्सेसिओ धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, त्यामुळे दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचे. आमच्याकडे हे नातं जोडलं की अरे-तुरे बंद होतं. लहानपणी एकत्र नदीत डुंबलेली माणसंही मग एकमेकांना तुम्ही म्हणतात.

एका वर्षी कॉफीच्या तोडणीच्या दिवसांत ती जीप पुलाच्या अलीकडे बंद पडली. सेल्फ व्यवस्थित फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. अर्सेसिओ हत्यारांची पेटी घेऊन गेला. त्याने डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डबीचं, झाकण काढलं, आतले पॉइंट घासले, झाकण लावलं. पहिल्या चावीला सुरू.

"पॉइंट," तो परत येऊन मला म्हणाला. "एक नवा सेट दे. घासून किती दिवस चालणार?"

मी दिला. नऊ दिवसांनी जीप पुन्हा बंद. या वेळी त्याने कॉइल बदलली. मग कंडेन्सर. मग प्लग. मग, कुणास ठाऊक का, पेट्रोलचा पंप. गंमत अशी, की त्याने हात लावला की जीप सुरू व्हायची, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी, बहुतेक चढावर, भरल्या गाडीसकट, पुन्हा थांबायची. मी प्रत्येक पार्ट त्याच्या हातात ठेवत गेले. काढलेला जुना पार्ट खरंच खराब होता का, हे एकदाही विचारलं नाही. दुकानदार विचारत नाही.

एकदा लिबार्दो माझ्या दुकानाच्या दारातच त्याला म्हणाला, "कोंपाद्रे, मला वाटतं, आत कुठेतरी काहीतरी हलतंय." मग नेहमीसारखा थांबला. "खड्ड्यात आदळली की मरते. नाहीतर अॅक्सिलरेटर एकदम सोडला की."

"कोंपाद्रे, तुम्ही गाडी चालवा," अर्सेसिओ म्हणाला. "ऐकायचं काम माझं."

तो हे चिडून म्हणाला नव्हता. चक्क खांद्यावर थोपटून म्हणाला होता. लिबार्दोही हसला, आणि तो विषय तिथेच संपला.

मग तो शनिवार आला. शनिवारी आमच्याकडे बाजार. वीस-बावीस जीप चौकात रांगेने उभ्या असतात, आणि त्यांचे ड्रायव्हर, हमाल, कॉफीचे दलाल, भाजीवाल्या सगळ्यांना सगळं दिसतं. ला पालोमाची जीप भरून तयार होती, मागच्या पायरीवरही तिघं लटकले होते. लिबार्दोने चावी फिरवली. कुंई कुंई कुंई. पुन्हा. पुन्हा.

अर्सेसिओ रस्ता ओलांडून आला. त्याने झाकण उघडलं, बंद केलं. "मार." नाही. त्याने नव्याने घातलेली कॉइल काढून जुनी लावली. "मार." नाही. आजवर त्याचा हात लागला की सुरू होणारी गाडी आज त्याच्या हाताला दाद देत नव्हती. पायरीवरचे उतरले, मग आतले उतरले, मग पोती उतरली. ऊन चढलं.

"मिस्त्री, पाद्रीबुवांना बोलावू का?" कुणीतरी ओरडलं. "शेवटचा संस्कार तरी वेळेत होऊ दे बिचारीचा!"

"अरे कान साफ करून या घरून!" दुसरा म्हणाला. सगळे खो खो हसले.

मी माझ्या दारातून अर्सेसिओची मान लाल होताना बघितली. तो गॅरेजमध्ये गेला, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं घड्याळ घेऊन आला, प्लग काढून प्लगच्या भोकात लावलं आणि म्हणाला, "मार सेल्फ." सकाळपासून मारून मारून बॅटरी थकली होती. इंजिन म्हाताऱ्यासारखं, एकेक पाऊल टाकत फिरलं. काटा अर्ध्यावरही गेला नाही. चारही सिलिंडरची तीच गत. अर्सेसिओ सरळ उभा राहिला आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाला, "इंजिन गेलं."

"गेलं म्हणजे, कोंपाद्रे?"

"गेलं म्हणजे गेलं. रिंगा झिजल्या, सिलिंडर झिजले. आत दाबच धरत नाही. तेल कधी बदललं होतंस?"

लिबार्दोने आठवायला तोंड उघडलं, आणि तो जरा थांबला. त्याची सवयच ती. पण अर्सेसिओने ते थांबणंच उत्तर म्हणून घेतलं.

"बघा! आठवत पण नाही याला! तुझ्या बापाने वीस वर्षं जपली ही गाडी. आणि तू तिला मारलीस."

तुझ्या. तू. मारलीस. ते अरे-तुरे सगळ्यांनी ऐकलं. लिबार्दोने टोपी काढली, परत घातली, आणि पोती उचलायला लागला, दुसऱ्या कुणाच्या तरी जीपमध्ये ठेवायला.

पुढचं लांबण लावत नाही. एका कॉफीच्या मळ्याचं तेव्हा पाहुण्यांसाठी निवासस्थान होत होतं. त्यांना फाटकापाशी शोभेला ठेवायला एक जुनी जीप हवी होती. लिबार्दोने ती देऊन टाकली. ला पालोमाची माणसं वर्षभर पुलापर्यंत पायी उतरली, मग दुसऱ्या कुणीतरी जीप आणली. लिबार्दो, त्याची बायको रुबिएला आणि मुलगी जानेवारीत पेरेइरा शहरात निघून गेले. तिथे त्याला हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर काम मिळालं.

जाण्याआधी रुबिएला माझ्या दुकानात आली. लिबार्दो जेवढा हळू, तेवढी ही धारदार. तिने दोन कॉइल काउंटरवर ठेवल्या.

"एक जुनी, एक नवी," ती म्हणाली. "दुसऱ्या एका मेकॅनिककडून तपासून घेतल्या. दोन्ही चांगल्या आहेत, नोहेमी. सगळं चांगलं आहे आणि गाडी मेली. आहे की नाही मजा?"

मी म्हणाले, "इंजिन झिजलं की असं होतं, रुबिएला."

"हो का," ती म्हणाली, आणि गेली. चांगली कॉइल काढून दुसरी चांगली कॉइल लावली, याचा अर्थ रोग भलतीकडेच होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. बत्तीस वर्षं पार्ट विकते मी.

पहिली दोन वर्षं अर्सेसिओ नाताळला यूरानीला फोन करायचा. मग ते बंद झालं. त्याने बंद केलं की त्यांनी उचलणं बंद केलं, ते मी विचारलं नाही.

नऊ वर्षं गेली. अर्सेसिओ सहासष्टचा झाला. कान अजून बरे होते, डोळे गेले. जवळचं काहीच दिसेना. चष्मा घातला की घामाने घसरायचा, म्हणून तो चाचपून काम करायला शिकला. नटाचा आकार बोटाने ओळखायचा, वायर कुठून कुठे जाते ते बोटाने बघत जायचा. पूर्वीचा झटपट निकाल आपोआपच बंद झाला, कारण बोटांना वेळ लागतो.

त्या वर्षी जून महिन्यात जीपची मिरवणूक होती. ज्या निवासस्थानाच्या फाटकावर ती निळी जीप उभी होती, तिथली मालकीण इस्मेनियाबाई, बोगोताची, बोलायला गोड. तिने निरोप पाठवला: ही जीप चालू होईल का? मिरवणुकीत न्यायची आहे.

"ते प्रेत आहे, बाई," अर्सेसिओने मला सांगितलं. "इंजिन दुसरं टाकावं लागेल. पण चल, बघून तरी येऊ. तू काय काय लागेल ते लिहून घे."

जीपच्या मागच्या भागात माती भरून जिरेनियम लावले होते. अर्सेसिओने ते बघितलं आणि सरळ बोनेट उघडलं. टाकीतलं पेट्रोल वार्निशसारखं झालं होतं, ते काढलं. कार्बोरेटर खोलून धुतला. प्लगच्या भोकांतून तेल सोडलं, इंजिन हाताने, अगदी हळूहळू, फिरवून मोकळं केलं. नवी बॅटरी लावली, आणि रुबिएलाने काढून नेलेल्या कॉइलच्या जागी माझ्याकडची एक. तिसऱ्या दिवशी त्याने कॉम्प्रेशनचं घड्याळ लावलं. आकडा त्याला दिसेना, म्हणून वाचायला मी. नव्या बॅटरीवर इंजिन जोमात फिरलं.

मी आकडा वाचला. तो म्हणाला, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचला. चारही सिलिंडर. नवं इंजिन नव्हे ते, पण मेलेलं तर अजिबात नव्हे.

त्याने प्लग लावले. "मार सेल्फ."

कुंई कुंई कुंई. पकडत नाही.

मग मी त्याला प्रथमच एकेक पायरी चढत काम करताना बघितलं. आधी पेट्रोल: कार्बोरेटरच्या तोंडात बोट घालून त्याने मला अॅक्सिलरेटर दाबायला लावला, बोट ओलं झालं. पेट्रोल आहे. दाब आत्ताच मोजला. राहिली ठिणगी. प्लग बाहेर काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला, मी सेल्फ मारला: चट चट चट, निळी ठिणगी. आहे. प्लग परत लावला, सेल्फ मारला: नाही. पुन्हा प्लग काढला: या वेळी ठिणगी नाही. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून लावलं: आली.

"दुसरी कॉइल देऊ?" मी विचारलं. पिशवीत आणली होती.

"काही देऊ नकोस," तो म्हणाला. "तू जरा गप्प बस, आणि मी पण बसतो."

तो इंजिनापाशी एका उलट्या खोक्यावर बसला. बराच वेळ. मग त्याने झाकण पुन्हा काढलं, आणि डोळे मिटून आत बोट घातलं. डिस्ट्रिब्युटरच्या आत बाहेरच्या खिळ्यापासून पॉइंटपर्यंत एक बोटभर लांबीची वायर जाते. पॉइंटची पाटी गाडीच्या वेगाप्रमाणे थोडी मागेपुढे सरकते, आणि प्रत्येक सरकण्याबरोबर ती वायर वाकते. पॉइंटचा सेट बदलला तरी ही वायर तीच राहते. वरून बघितली तर ठणठणीत. अर्सेसिओने ती बोटांच्या चिमटीत धरली आणि इंच इंच पुढे सरकला. एका जागी त्याचं बोट थांबलं.

"इथे बघ," तो म्हणाला. "इथे ती मऊ आहे."

मी धरून बघितली. आजूबाजूला ताठ, आणि मधे एका दाण्याएवढ्या जागी शेवईसारखी लिबलिबीत. त्याने ती काढली आणि हलकेच ओढली. ती रबरासारखी ताणली. आतली तांब्याची तार कधीच तुटली होती. वरचं आवरण तेवढं शाबूत होतं, आणि तुटलेली टोकं कधी एकमेकांना टेकायची, कधी नाही.

त्याने माझ्या पिशवीतल्या वायरचा तुकडा कापून तिथे जोडला. मी चावी फिरवली. अर्ध्या फेरीत इंजिन पकडलं, नऊ वर्षांचा धूर सोडून गुरगुरायला लागलं. निवासस्थानातली माणसं धावत आली, इस्मेनियाबाईने टाळ्या वाजवल्या. मी अर्सेसिओकडे बघितलं. तो खोक्यावर बसला होता, ती वायर मुठीत घेऊन.

"नोहेमी, हीच होती."

"कुठली?"

"तेव्हाची. दर वेळी मी झाकण उघडायचो, माझं बोट लागायचं, टोकं टेकायची, गाडी सुरू व्हायची. मला वाटायचं, मी बरी केली. त्या शनिवारी नाही टेकली, एवढंच. आणि बॅटरी मेलेली असताना मी दाब मोजला. इंजिन हळू फिरलं की दाब कमीच दिसतो, शिकाऊ पोरगं पण असं मोजत नाही."

"मिस्त्री, होतं असं कुणाचंही..."

"त्याने सांगितलं होतं मला, काहीतरी हलतंय म्हणून." तो उठला. "बंद कर ती गाडी."

पेरेइराला जायला त्याने तीन आठवडे घेतले. मला म्हणाला, गॅरेजमध्ये काम आहे. काम नव्हतं. मग एका मंगळवारी सकाळी तो स्वच्छ शर्ट घालून माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तू पण चल. पार्ट तू विकलेस." मी दुकानाचं शटर ओढलं.

पंपावर आम्ही बसमधून उतरलो तेव्हा लिबार्दो एका गाडीचं बोनेट उघडून तेलाची काडी पुसत होता. केस पांढरे झाले होते. दुसऱ्या पंपावरचा माणूस ओरडला, "ए तेलबुवा! पाहुणे आलेत तुझे!"

तेलबुवा हे त्याचं तिथलं नाव. नंतर कळलं, पेट्रोल भरायला येणाऱ्या प्रत्येकाचं तेल तो तपासायचा, कुणी सांगो न सांगो. लोक वैतागायचे.

त्याने आम्हाला ओळखलं. हात पुसले. "कोंपाद्रे," तो म्हणाला, जरा उशिराच. "नोहेमी."

अर्सेसिओने इकडतिकडचं काही विचारलं नाही. शर्टाच्या खिशातून वायर काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. झाकण, बोट, टोकं, बॅटरी, दाबाचं घड्याळ. गाळलं काही नाही. शेवटी म्हणाला, "इंजिन चांगलं आहे. तेव्हाही चांगलं होतं. तुम्ही नाही मारलीत. मला सापडलं नाही, आणि तेवढं एक वाक्य मला चौकात बोलवेना, म्हणून मी ते तुमच्यावर घातलं."

लिबार्दोने वायर ओढून बघितली. ताणली. सोडली. पुन्हा ताणली.

"मी म्हटलं होतं, हलतंय काहीतरी."

"हो."

"तुम्ही म्हणालात, ऐकायचं काम माझं."

"हो, कोंपाद्रे."

मागे एका ट्रकने भोंगा वाजवला. लिबार्दो गेला, टाकी भरली, काच पुसली, तेल तपासलं, ड्रायव्हरच्या शिव्या ऐकल्या, आणि परत आला.

"वडील ठरल्या वेळी तेल बदलायचे. मीही बदलायचो. मला आठवत होतं की मी बदलायचो. पण तुमच्यासारखा माणूस एवढ्या लोकांत सांगतोय, म्हटल्यावर मला वाटलं, मलाच नीट आठवत नसेल. रुबिएला म्हणायची, तुम्ही बदलत होतात, मी स्वतः डबा धरायचे. मी तिच्यावर ओरडायचो, तू माझी समजूत घालू नकोस म्हणून. नऊ वर्षं, कोंपाद्रे. माझी बायको खरं बोलत होती, आणि मी तिला खोटं पाडत होतो."

अर्सेसिओने मान खाली घातली. मी रस्त्याकडे बघत राहिले.

"माफ करा," अर्सेसिओ म्हणाला.

"मला इथे सांगून काय होणार?" लिबार्दो म्हणाला. "इथे मला कोण ओळखतं? जिथे सांगितलं होतं तिथे जाऊन सांगा." वायर त्याने खिशात ठेवली. "ही मी घेतो. रुबिएलाला दाखवायची आहे."

पुढच्या शनिवारी, बाजार ऐन भरात असताना, अर्सेसिओ रस्ता ओलांडून जीपच्या रांगेपाशी गेला. भाषण करणारा माणूस नव्हे तो. त्याने एका बोनेटवर हात आपटला, लोक वळले, आणि तो बोलला: नऊ वर्षांपूर्वी इथे उभं राहून मी लिबार्दो ओस्पिनाला म्हणालो होतो की त्याने बापाची गाडी मारली. ते खोटं होतं. आत एक वायर तुटली होती, मला ती सापडली नाही. लिबार्दोने तेल बदललं होतं. गाडी त्याने नाही मारली, ती मी त्याच्याकडून काढून घेतली.

एक ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, मग माझा गिअरबॉक्स पण परत बघा. तो पण तुम्हीच मेला म्हणाला होतात!" लोक हसले. काहींनी हसू दाबलं. ला पालोमाची एक म्हातारी पुढे आली आणि त्याच्या तोंडावर म्हणाली, "वर्षभर आम्ही पायी उतरलो रे, माझे गुडघे तेव्हाच गेले." त्याने ते ऐकून घेतलं.

मीही दोन शब्द बोलायचं ठरवलं होतं. दारापर्यंत आले होते. माझ्याने पाऊल उचलवलं नाही. म्हणून आज सांगते आहे.

त्यानंतर काही गिऱ्हाईक गावाच्या खालच्या टोकाला असलेल्या दुसऱ्या गॅरेजला जायला लागलं. चुकतो म्हणून स्वतः सांगणाऱ्याकडे गाडी देणं लोकांना अवघड जातं, न सांगणाऱ्याकडे देतात. अर्सेसिओने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. त्याची कामाची रीत मात्र पार बदलली. कुणी गाडी आणली की तो आधी ड्रायव्हरलाच स्टुलावर बसवतो. कधी बंद पडली, चढावर की उतारावर, गरम असताना की थंड, आधी काय केलं होतंत, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? लोक वैतागतात. "मिस्त्री, मला कळलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?" तो म्हणतो, "तुम्हाला कळलेलं असतं. सांगता येत नाही, एवढंच. बोला."

लिबार्दो एकदा आला, ऑगस्टमध्ये, एका रविवारी, मुलीला घेऊन. रुबिएला आली नाही. इस्मेनियाबाईने चावी त्याच्या हातात दिली. तो जीपमध्ये बसला, सुरू केली, थोडा वेळ ऐकत राहिला आणि बंद करून उतरला. चालवली नाही. "चोक जरा जास्त ओढलाय," तो अर्सेसिओला म्हणाला. अर्सेसिओने तिथेच तो कमी केला. दुपारी लिबार्दो जेवायला माझ्याकडे आला, अर्सेसिओकडे नाही. मी अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, केल्या, गुळाचं गरम पाणी केलं. यूरानी, आता नर्सिंग शिकणारी, जाताना अर्सेसिओच्या गॅरेजपाशी थांबली आणि तिने त्याला तेवढा आशीर्वाद मागितला, धर्मपित्याला मागतात तसा. तो देण्याआधी त्याने हात फडक्याला पुसले.

मागच्या महिन्यात एक अनोळखी माणूस गाडी टो करून घेऊन आला. शहरातली गाडी, पेरेइराच्या नंबरची. सेल्फ छान फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं.

"तिकडे एवढी गॅरेज सोडून इथे कसे आलात?" मी विचारलं.

"तिघांना दाखवली. प्रत्येकाने वेगळा पार्ट बदलला," तो कपाळ पुसत म्हणाला. "मग पेट्रोल पंपावर एक म्हातारबाबा भेटले, जबरदस्तीने तेल बघत होते. ते म्हणाले, सान फेर्मिनला न्या. तिथला मिस्त्री त्याला कळलं नाही तर कळलं नाही म्हणतो."

मी अर्सेसिओकडे बघितलं. त्याने ते ऐकलं होतं. त्याने स्टूल पुसलं आणि त्या माणसापुढे सरकवलं.

"बसा," तो म्हणाला. "पहिल्यांदा बंद पडली तेव्हा तुम्ही कुठे निघाला होतात, तिथून सांगा."

दोन दिवस झाले तरी त्याला सापडलं नव्हतं. त्याने तसं त्या माणसाला फोन करून कळवलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोनेट उघडलं.